वैनगंगेकाठची यतना

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला जुना महामार्ग सुमारे ६० किलोमीटरवर भंडारा शहरात शिरतो आणि शहर मागे पडताच वैनगंगेच्या पुलावर येतो. पलीकडच्या काठावर कारधा. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की रायपूर-नागपूर या वाटेवर पहाटेच्या वेळी कधी कधी साधू-साध्वींचा विहार दिसतो. शुभ्र वस्त्रे, अनवाणी पाय, हाती रजोहरण आणि दृष्टी पुढच्या चार हात भूमीवर स्थिर. त्यांच्या बाजूने धानाची पोती आणि लोखंड लादलेले ट्रक धडधडत जातात. एकाच रस्त्यावर एकाच वेळी चालणाऱ्या या दोन गती आहेत. एकीला पोहोचण्याची घाई आहे. दुसरीचे लक्ष पोहोचण्यावर नाही, पुढच्या पावलावर आहे. त्या पावलाखाली एखादी मुंगीही येऊ नये, एवढीच तिची चिंता.

शास्त्रात या चालीला ईर्यासमिती म्हणतात. आजच्या शहरी भाषेत तिच्या जवळ जाणारा शब्द ‘माइंडफुलनेस’. मराठीत त्याला कोणी सजगता म्हणते, कोणी अवधान. मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत, रुग्णालयांत, मोबाइलवरील अॅपमध्ये आज या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. मन शांत होते, झोप लागते, रक्तदाब आटोक्यात राहतो, निर्णय चांगले होतात, असे त्याचे लाभ सांगितले जातात. ते खोटे नाहीत. परंतु पुलावरून चालणाऱ्या त्या साध्वींना जर कोणी विचारले की हे अवधान कोणाच्या लाभासाठी, तर उत्तराची दिशा वेगळी असेल. ते प्रथम मुंगीसाठी आहे. चालणाऱ्याला मिळणारी शांती हे त्याचे फळ. हेतू मात्र दुसऱ्याचा जीव.

हा फरक पुस्तकात वाचून पटत नाही. तो पटवून घेण्यासाठी भंडारा जिल्ह्यासारखा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल. येथे पितळ आहे, धान आहे, कोसा आहे, तलाव आहेत आणि पवनीच्या प्राचीन टेकड्याही आहेत. यातील प्रत्येक ठिकाण अवधानाविषयी काही तरी सांगते आणि व्यापारी घराला एकेक अवघड प्रश्नही विचारते.

पितळेचा नाद

‘भाण’ म्हणजे पितळी थाळी. त्यावरून भंडारा हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या गावाची ओळख मात्र पिढ्यान्‌पिढ्या पितळेचीच राहिली आहे. विदर्भातील कितीतरी घरांत लेकीच्या लग्नात दिलेले गुंड, गंज, परात आणि समई भंडाऱ्याच्या बाजारातून आलेल्या आहेत. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून पितळ होते; परंतु पितळेचे भांडे होण्यासाठी तिसरी वस्तू लागते, ती म्हणजे कारागिराचा कान.

भांडे घडवणारा कारागीर हातोडीचा ठोका डोळ्याने मोजत नाही, तो तो ऐकतो. पत्रा कोठे जाड राहिला, कोठे पातळ झाला, कोठे केसाएवढी चीर पडण्याच्या बेतात आहे, हे नादातला फरक सांगतो. हात एकसारखा चालतो, परंतु त्यामागचे मन यांत्रिक झालेले नसते. ते झाले की पुढच्याच ठोक्याला पत्रा फाटतो. अनुभवी दुकानदारही भांडे हातात घेतल्यावर आधी त्यावर बोटाने टिचकी मारतो. नाद स्वच्छ आणि लांबणारा असेल तर भांडे अखंड. नाद बद्द आला तर कोठे तरी जोड कच्चा. ग्राहकाला हे कळत नाही. म्हणूनच टिचकी मारून ऐकणे हा दुकानदाराच्या कौशल्याचा भाग नसून त्याच्या सचोटीचा भाग ठरतो.

स्टील, अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आले, तसा पितळेचा हा धंदा आक्रसला. हातोडीचे आवाज कमी झाले. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट ओसरली, ती म्हणजे ऐकण्याची सवय. पूर्वी गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे कान दुकानभर असत. कोणते गिऱ्हाईक भाव ऐकून गप्प झाले, कोणत्या म्हातारीने परात हातात घेऊन पुन्हा ठेवली, नोकराचा आवाज आज का उतरला आहे, हे त्याला वहीतून मान वर न करता कळे. आज पैसे आल्याची वर्दी यंत्र मोठ्याने देते आणि गल्ल्यावरचा माणूस हातातल्या पडद्यावर वाकलेला असतो. व्यवहार पूर्ण होतो, पण भेट होत नाही. वडील म्हणतात, मुलाचे दुकानात लक्ष नाही. मुलगा म्हणतो, हिशेब तर पैशा-पैशाचा जुळतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. हिशेब जुळण्यासाठी जे लक्ष लागत होते, ते यंत्राने उचलले. माणसासाठी लागणारे लक्ष मात्र कोणी उचललेले नाही.

एका शब्दाचा प्रवास

‘माइंडफुलनेस’ हा शब्द पाश्चात्त्य वाटतो, पण त्याचे मूळ याच भूमीत आहे. १८८१ मध्ये टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली भाषेच्या इंग्रज अभ्यासकाने बौद्ध सुत्तांचा अनुवाद करताना ‘सति’ या शब्दासाठी तो योजला. सति म्हणजे संस्कृतातील स्मृती. पण गेलेल्या गोष्टींची आठवण एवढाच त्याचा अर्थ नाही. आपण आत्ता काय करीत आहोत, याचे भान न सुटणे, ही ती स्मृती. पुढे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दीर्घकालीन वेदना आणि ताण यांनी त्रस्त रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला आणि हा शब्द वैद्यकात शिरला.

त्याच्या परिणामांची पुष्कळ तपासणी झाली आहे. २०१४ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ध्यानविषयक ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३,५१५ व्यक्ती सहभागी होत्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अशा अभ्यासाने अल्प ते मध्यम स्वरूपाची सुधारणा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. औषधे किंवा व्यायाम यांच्यापेक्षा तो अधिक गुणकारी ठरतो, असे मात्र त्यात आढळले नाही. हा निष्कर्ष व्यापाऱ्याला समजेल असा रोखठोक आहे. नफा निश्चित आहे, पण चमत्कारिक नाही. चालू असलेली गोळी सोडून ध्यानाला बसावे, असे कोणी सांगितले तर ते ऐकू नये.

भारतातही याच काळात दोन प्रवाह पुढे आले आणि दोन्ही व्यापारी घरांना जवळचे वाटावेत असे आहेत. ब्रह्मदेशातील मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे अर्धशिशीच्या असह्य त्रासामुळे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले. महाराष्ट्रातील इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र त्यातूनच उभे राहिले. दुसरीकडे आचार्य तुलसी यांच्या सान्निध्यात आचार्य महाप्रज्ञ यांनी जैन आगमांतील सूत्रे शोधून १९७५ मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धती मांडली. प्रेक्षा म्हणजे खोलवर पाहणे. श्वासाला पाहणे, शरीराला पाहणे, मनात उठणाऱ्या रागाला पाहणे. त्याच्यामागे वाहून न जाणे.

परंतु शिबिरातून घरी परतलेल्या माणसाची खरी कसोटी शिबिरात लागत नाही. ती गोदामात लागते.

धानाची रास

भंडाऱ्याहून उत्तरेला मोहाडीवरून तुमसरकडे जाणारा रस्ता धानाच्या बांध्यांमधून जातो. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने शतकांपूर्वी पाण्याची चाल ओळखून बांधलेले तलाव, ज्यांना लोक आजही मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि त्यांच्या जोडीला शेतोशेतीच्या लहान बोड्या, हे या भातशेतीचे जुने भांडवल. आषाढात रोवणीच्या वेळी बायका ओळीने वाकून चिखलात पऱ्हे रोवतात. दोन रोपांतील अंतर मोजायला कोणाच्या हाती पट्टी नसते, तरी ओळ वाकडी होत नाही. धुऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला ते काम एकसुरी वाटते. करणाऱ्या बाईसाठी मात्र प्रत्येक रोप वेगळे असते. बोटांना मुळाखालचा चिखल घट्ट लागला की सैल, हे कळावे लागते.

तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. आसपास राइस मिलही पुष्कळ. या जिल्ह्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. धान्याच्या व्यापारात असलेल्या जैन घराला येथे एक जुना पेच नेहमीच पडत आला आहे. धान्य साठवले की त्यात सोंडे होतात, टोके होतात. साठा वाचवायचा तर धुरी द्यावी लागते आणि धुरी दिली की असंख्य जीव मरतात. पोट भरण्याच्या व्यवसायात ही हिंसा अटळच आहे, असे म्हणून अनेक जण डोळे मिटून घेतात.

जुन्या पेढीवरील जाणती माणसे डोळे मिटत नसत. ती हा प्रश्न दोन महिने आधी सोडवीत. धान नीट वाळल्याखेरीज साठवायचे नाही. ओलावा १४ टक्के किंवा त्याहून कमी असला की कीड सहसा जोर धरत नाही. आज त्यासाठी मापक यंत्र आहे. पूर्वी दाणा दाताखाली धरून त्याच्या तुटण्याच्या आवाजावरून पारख होई. गोदाम रिकामे झाले की कोपऱ्यातला जुना दाणा झाडून काढायचा, भिंतींच्या भेगा बुजवायच्या, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायची आणि जे आधी आले ते आधी बाहेर काढायचे. यात एकही धार्मिक विधी नाही. तरीही ही संपूर्ण यतना आहे. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी काळजी आधी घेतली, तर मारण्याची वेळ येत नाही. बेसावधपणाचे दोन महिने आणि विषारी धुरीची एक रात्र यांचा असा कार्यकारणसंबंध आहे.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली, तेव्हा तिच्या आरंभीच प्रमादाला ठेवले. केवळ जीव जाणे म्हणजे हिंसा नव्हे. प्रमादयुक्त मन-वचन-कायेच्या व्यापारातून जीव जाणे ही हिंसा. म्हणजे दोषाचे मूळ हातात नसून हरवलेल्या अवधानात आहे. त्याच ग्रंथात अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना मापा-तोलात कमी-अधिक करणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे यांची गणना आहे. तांदळात कणी किती मिसळली, काटा शून्यावर आहे की नाही, हे न पाहणारा व्यापारी बुद्धिपुरस्सर चोरी करीत नसेलही. पण ‘लक्षात आले नाही’ हे उत्तर या आचारशास्त्रात निर्दोष ठरत नाही. लक्षात न येणे हाच तेथे विचारलेला प्रश्न आहे.

कोशाचा प्रश्न

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकामासाठी नावाजलेले. कोशाचे किडे ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढतात. या भागातील ढिवर समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. झाडावरील किड्यांना पक्ष्यांपासून आणि मुंग्यांपासून जपायला माणूस दिवसभर राखणीला बसतो. सोनेरी-तपकिरी झाक असलेले ते कापड हाती घेतले की त्यातील संयमित तेज मन मोहून घेते.

पण अखंड धागा हवा असेल तर कोष फुटण्यापूर्वी आतल्या जिवासकट तो उकळावा लागतो. एका साडीमागे असे शेकडो कोष लागतात. म्हणूनच अनेक जैन कुटुंबांत रेशीम वर्ज्य आहे. अनेक कुटुंबांत मात्र लग्नाच्या बस्त्यात ते सहज येते आणि कापडाच्या दुकानातून विकलेही जाते. पतंग कोष फोडून बाहेर उडून गेल्यावर उरलेल्या कोशापासूनही धागा काढता येतो. तो तुटक निघतो, त्यामुळे तो सुतासारखा काढावा लागतो. कापड थोडे खरखरीत होते, चकाकी कमी असते. त्यालाच आज अहिंसा रेशीम म्हणतात.

येथे विणकराला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. त्याची चूल त्या धाग्यावर पेटते. प्रश्न घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा आहे. साडी हातात घेताना तिचा पोत पाहिला जातो, रंग पाहिला जातो, किंमत विचारली जाते. ती कशातून आली, एवढे विचारायला आणखी किती वेळ लागतो? सजगता म्हणजे मनाला सुखावणाऱ्या श्वासाकडे पाहणे एवढीच असती, तर रेशमी वस्त्र नेसून ती सहज साधली असती. यतना मात्र वस्त्राच्या मागे जाऊन पाहायला लावते. तेथे दिसते ते नेहमीच सुखाचे नसते. आणि तरीही पाहायचे, हेच तिचे तप.

एका पहाटेचे मौन

भंडाऱ्याचे नाव ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे देशभर पोहोचले. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. १७ बालकांपैकी ७ वाचली, १० गेली. ज्या मातांनी आपले बाळ अजून नीट कुशीत घेतलेही नव्हते, त्यांच्या दुःखाला शब्द नाहीत. पुढे चौकशी झाली, राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले.

अशा कक्षाला मराठीत ‘दक्षता कक्ष’ म्हणतात. त्या नावापुढे मान खाली जाते. येथे कोणावर बोट ठेवण्याचे कारण नाही. परंतु दक्षता ही केवळ मनःशांतीची साधना नव्हे, तिच्यावर दुसऱ्याचे श्वास अवलंबून असतात, हे त्या पहाटेनंतर कोणाला वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. आपल्या दुकानातील जुनी वायर, गोदामातील बंद खिडकी, कारखान्यातील कामगाराच्या हाताशी असलेले उघडे पट्टे, यांकडे रोज जाणारी आणि रोज न पाहणारी दृष्टी प्रत्येक व्यवसायात असते. सामायिकाच्या आसनावर स्थिर बसणारा माणूस उठल्यावर ती वायर बदलत नसेल, तर त्या स्थिरतेचे फळ अजून पिकलेले नाही.

पवनीच्या टेकड्या

भंडाऱ्याहून दक्षिणेला अड्याळवरून पवनीची वाट आहे. वैनगंगेच्या पश्चिमेला, जिल्ह्याच्या सीमेपलीकडे अंभोरा येथे वैनगंगा आणि कन्हान यांच्यासह पाच नद्यांचा संगम मानला जातो. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, अशी एक परंपरा आहे. दुसरी परंपरा तो मान अंबाजोगाईला देते. मराठीतील आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या नावातच विवेक यावा आणि त्याचे स्थान नद्यांच्या संगमावर सांगितले जावे, हा योग मोठा बोलका आहे. आता मात्र या पाण्यात आणखी एक प्रवाह मिसळतो. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेला येते आणि गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात पोहोचते. दूरच्या शहरातील घरात बेफिकिरीने सोडलेले पाणी येथील कोळ्याच्या जाळ्यात आणि शेतकऱ्याच्या बांधीत उतरते. पाणी गाळून पिणारा आणि गाळण्यात अडकलेली जिवाणी त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडणारा श्रावक हे दृश्य पाहून अस्वस्थ झाल्यावाचून राहणार नाही.

पवनीत शिरताना जुन्या तटबंदीचा दरवाजा लागतो. गावाच्या परिसरातील जगन्नाथ टेकडीसारख्या टेकड्या वरवर मातीच्या उंचवट्यांसारख्या दिसतात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा त्यांच्या पोटातून सम्राट अशोकाच्या आणि सातवाहनांच्या काळाशी नाते सांगणारे विशाल बौद्ध स्तूप उजेडात आले. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. पवनी हे व्यापारी मार्गावरील गाव होते. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे दाते आणि आजच्या संघाच्या पाटीवर नाव लिहिणारे दाते यांच्यात फारसे अंतर नाही. गावापासून जवळच रुयाड येथे अलीकडच्या काळात महासमाधी भूमी हा नवा स्तूप उभा राहिला आहे. येथे जुने आणि नवे एकमेकांकडे पाहत उभे आहेत.

या टेकडीवर उभे राहिले की एका शब्दाची आठवण होते. बौद्ध परंपरेत ज्या साधनेला सतिपट्ठान म्हणतात, तिचे संस्कृत रूप ‘स्मृत्युपस्थान’, म्हणजे स्मृतीला समोर उपस्थित ठेवणे. जगभर पसरलेल्या माइंडफुलनेसचे बीज ते हेच. आणि तत्त्वार्थसूत्रात सामायिकाचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील एकाचे नाव ‘स्मृत्यनुपस्थापन’. म्हणजे स्मृतीला समोर न ठेवणे, आपण सामायिकात आहोत हेच विसरून जाणे. एकाने ज्याला साधना म्हटले, त्याच्या अभावाला दुसऱ्याने दोष म्हटले. भगवान महावीर आणि भगवान बुद्ध एकाच काळात, एकाच मगधाच्या धुळीतून चालले. तत्त्वज्ञानात भेद राहिले, ते राहोत. पण भान सुटू न देणे, याविषयी दोघांच्या परंपरांनी एकच मूळ शब्द जपला. जो शब्द आज परदेशातून शुल्क भरून परत येतो, तो घरातल्या देवघराशेजारी, कटासनाच्या घडीत, मुकाट्याने वाट पाहत होता.

४८ मिनिटे आणि उरलेला दिवस

एक सामायिक म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटे. दिवसाचा तो तिसावा भाग. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हे भांडवल आहे. त्यावरचा नफा उरलेल्या एकोणतीस भागांत दिसायला हवा. दशवैकालिक सूत्रात कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, कसे निजावे, कसे खावे आणि कसे बोलावे, असा प्रश्न येतो आणि या साऱ्यांचे उत्तर एकाच गोष्टीत दिलेले आहे, ती म्हणजे यतना. म्हणजे साधनेसाठी वेगळी जागा नाही. चालणे, बसणे, जेवणे आणि बोलणे, यांखेरीज माणूस दिवसभर दुसरे करतो तरी काय?

भंडाऱ्याच्या वाटेवर जे दिसले, ते कोणत्याही गावच्या घरात आणता येते. दुकानाचे शटर वर करण्यापूर्वी क्षणभर थांबून तीन श्वास पाहावेत आणि खाली कोपऱ्यात कोणी जीव निजला आहे का, हेही पाहावे. पाच समितींत आदान-निक्षेपण नावाची समिती आहे, वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून करणे; काउंटरवरची कात्री, गोदामातील पोते आणि देव्हाऱ्यातील पितळी समई, तिघांनाही ती लागू पडते. भाषासमिती उधारीचा फोन करताना आठवावी. राग घशाशी आला की आधी तो पाहावा, मग बोलावे. गिऱ्हाईक समोर असेतो मोबाइल पालथा ठेवावा. जेवताना ताटाकडे पाहावे. ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना रात्री झोप येत नाही, त्यांनी कायोत्सर्गात पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेक अवयव सैल सोडीत जावे. शरीराला विश्रांती मिळते आणि मनाला थारा मिळतो. घरात कोणी खोल नैराश्यात असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे न्यावे, त्याच्या शेजारी बसावे; शेजारी बसणे हेही अवधानच आहे.

चूक होईल. पुष्कळदा होईल. रात्रीचे प्रतिक्रमण त्यासाठीच आहे. पेढीचा रोजमेळ जसा त्याच दिवशी लिहिला तर जुळतो आणि आठवड्यावर टाकला की आकडे विसरतात, तसाच हा मेळ. आज कोणाच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही, कोणते पाऊल न पाहता पडले, कोणत्या मालाची खात्री न करता ‘चोख आहे’ म्हटले, हे आठवले की ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द वर्षातून एकदा छापलेल्या कार्डावरचे राहत नाहीत. ते त्या दिवसाच्या खात्यावरची सही होतात.

वैनगंगेच्या पुलावर ट्रक धावतच राहतील. त्यांच्याच कडेने, पहाटेच्या धुक्यात, कोणी तरी चार हात भूमी पाहत चालत येईल. गाडीत बसलेल्याने त्यांना नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नये. शक्य असेल तर गाडी सावकाश करावी, त्यांना रस्ता द्यावा. त्या एका क्षणी दोघांचे अवधान एक होते, आणि दोघांपैकी कोणाच्याही चाकाखाली वा पावलाखाली कोणी येत नाही.